न अडखळता म्हटलेली कविता

चिमणे,

पाटीवर पेन्सिल आपटत तू कविता म्हणायचीस, तो टकटक आवाज सकाळपासून कानातून जात नाही. तिसऱ्या कडव्याला तू हमखास अडखळायचीस.

तुला शिवणकामाची नोकरी लावून देतो म्हणत आलेला तो माणूस मात्र अडखळला नाही. मी वर्गात शिकवायचो ती कविता त्याने पाचही कडव्यांसह म्हणून दाखवली आणि मी पाघळलो. ज्याला इतकी कविता पाठ आहे तो फसवेल, असं मनातही आलं नाही. तू सोळाची, पण अठराची असल्याचा दाखला मीच लिहून दिला. परवा कुणाच्या तरी फोनवरून तू कुजबुजलीस, "आजोबा, इथे शिवणयंत्रं नाहीतच. कोंडून राबवतात. माझे कागदही काढून घेतलेत." आणि फोन बंद झाला.

तेव्हापासून येरझारा घालतोय. दोनदा पोलीस चौकीच्या पायरीवरून मागे फिरलो. दाखल्यावर सही माझी आहे ना. तुझा पत्ता ठाऊक नाही, तरी लिहितोय.

थांब, दार वाजतंय.

तोच आलाय, हसतमुख. "गुरुजी, थोरली मजेत आहे हं. आता धाकटीचाही दाखला लिहून टाका."

"बसा, लिहितो," मी म्हटलं. "तोवर ती कविता होऊन जाऊ द्या. पाचही कडवी."

तो म्हणतोय, आणि मी दाखला लिहितोय असं त्याला वाटतंय. तुझ्या दाखल्याची नक्कल, माझ्या सहीसकट, धाकटीच्या हाती देऊन तिला मागच्या दाराने चौकीवर पिटाळलंय. त्याचं तिसरं कडवं चाललंय. आज तरी त्याने सावकाश म्हणावं.

तुझा अपराधी,
आजोबा