सतरा पिवळी वाक्यं

२ जून
प्राध्यापकपदाचा नवा फॉर्म आला. रकाना नऊ: 'आपल्या संशोधनाचा सरकारी धोरणावर पडलेला प्रभाव, पुराव्यासह.' अकरा वर्षं सहयोगी म्हणून कुजतोय. ही शेवटची संधी, पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येते. काळजी नाही. प्रभाव आहेच, मोजायचा तेवढा राहिलाय. आठवड्याचं काम.

४ जून
शेजारच्या टेबलावरची टाचणी, म्हणजे आमचा बारीक आणि टोचरा सहकारी, त्याच पदासाठी उभा. त्याने रकाना नऊमध्ये 'लागू नाही' लिहिलं. म्हणाला, खोटं कशाला लिहायचं. अशा लोकांमुळेच विद्यापीठं मागे राहतात.

९ जून
सरकारी खात्याला पत्र. कार्यालयांतल्या रांगांवरचा माझा नऊ वर्षांपूर्वीचा निबंध आपण कितपत वापरला, ते कळवावे. सोबत निबंध आणि माझा फोटो.

१७ जून, संध्याकाळी
उत्तर नाही, म्हणून स्वतः गेलो. खिडकीवर अडीच तास. रांगांचा तज्ज्ञ रांगेत उभा आहे, हे कारकुनाच्या कानावर घातलं. तो म्हणाला, मग तुम्हाला सवय असेल. बुद्धी आणि खिडकी या दोन वस्तू सरकार एका जागी ठेवत नाही.

१८ जून
बायकोने विचारलं, तुमच्या निबंधाने एखादी रांग वीतभर तरी आखूड झाली का. प्रभाव आणि परिणाम यांतला फरक समजावून सांगितला. दुसऱ्या मुद्द्याला उठून कपडे वाळत घालायला गेली.

२४ जून, पहाटे
सुचलं. विद्यार्थ्यांची कॉपी पकडायचं सॉफ्टवेअर ग्रंथालयात आहे. ते उलटं वापरायचं. एका बाजूला माझा निबंध, दुसऱ्या बाजूला गेल्या वर्षी आलेलं 'नागरिक प्रतीक्षा धोरण'. जे जुळेल तो माझा प्रभाव. टाचणीला सात जन्मांत सुचणार नाही.

२५ जून
सतरा वाक्यं. शब्दशः. 'रांगेत उभा असलेला नागरिक हाच बसलेल्या कारभाराचा मालक होय.' स्वल्पविरामसुद्धा सोडले नाहीत, आणि नावाचा उल्लेख कुठे नाही. चोर लेकाचे. आज माफ.
ग्रंथपालबाई म्हणाल्या, सर, या धोरणाचा मसुदा हरकतींसाठी फार आधी निघाला होता, तारीख बघून घ्या. आयुष्यभर पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारले की माणसाला तारखेपलीकडे काही दिसत नाही.

३० जून
फॉर्म दिला. सतराही वाक्यं पिवळ्या रंगात, रिपोर्ट जोडून. टाचणीलाही एक प्रत वाचायला दिली. त्याने दोनदा वाचली, ग्लासभर पाणी प्यायलं आणि माझं अभिनंदन केलं. जळफळाट लपत नाही.

१० जुलै
कुलसचिवांनी बोलावलं. टेबलावर तो मसुदा, दहा वर्षांपूर्वीचा. माझा निबंध नऊ वर्षांपूर्वीचा. मी म्हणालो, मोठे विचार कधीकधी दोन डोक्यांत एकदम येतात. ते म्हणाले, सतरा वेळा?
चौकशी समिती नेमली. पुरावे गोळा करायची गरज नाही म्हणे, अर्जदाराने जोडलेले आहेत.

११ जुलै
ड्रॉवर आवरला. तळाशी तोच मसुदा, पेन्सिलने खुणा केलेला. आता आठवतं, काही ओळी आवडल्या होत्या. आवडलेलं माणसाच्या लक्षात राहतं, त्याला चोरी म्हणत नाहीत. मोजल्या. अठरा निघाल्या. म्हणजे एक मी स्वतःहून सोडली होती. हा संयम कुठल्या रकान्यात लिहायचा?

१ ऑगस्ट
प्राध्यापक: टाचणी. पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली. कंजूष. दोन घेतली.

१२ ऑगस्ट, दुपारी
विद्यापीठाचं परिपत्रक. यापुढे प्रत्येक अर्जदाराचं लिखाण आधी त्या सॉफ्टवेअरमधून तपासणार. कारण छापलंय: 'नुकत्याच निदर्शनास आलेल्या एका निबंधामुळे.'
तीनदा वाचलं. माझ्या निबंधाने धोरण बदललं. निर्विवाद, छापील, सहीशिक्क्यासह. ग्रंथपालबाईंकडे धावत गेलो, प्रभावाचा दाखला मागितला. त्यांनी परिपत्रक उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, यात तुमचं नाव कुठे आहे सर?
नाव घालून मिळावं म्हणून कुलसचिवांच्या कार्यालयात अर्ज घेऊन आलोय. हे खिडकीसमोरच लिहितोय. रांगेत सहावा. खिडकी जेवायला गेली आहे.