टणक उशी

वहिनी,

तुम्ही कामावरून याल तोवर मी निघालेली असेन. नव्या खोलीची किल्ली दुपारीच घ्यायची आहे. खरं म्हणजे तुमच्यासमोर निघणं मला जमलंही नसतं.

जाण्याआधी अंथरुणं धुवायला काढली. एरवी अभ्रे तुम्हीच बदलायचात; आज माझ्या उशीचा अभ्रा काढला तर आत कापूस नाहीच. तुमचा निळा ड्रेस, दोन स्वेटर आणि ऑफिसचे चांगले कपडे दाबून भरलेले. सासरहून चार दिवसांसाठी आलेली मी आठ महिने राहिले. पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, "ही फळी रिकामीच पडून असते, तुझे कपडे ठेव," आणि मी खुशाल ठेवले. ज्या घरात कपाट नाही, दारामागच्या खुंटीवर छत्रीलाही जागा नाही, तिथे फळी रिकामी कशी असेल, एवढंही मला सुचलं नाही. वर उशी टणक आहे म्हणून रोज कुरकुर केली. तुमचं एकच उत्तर, "मानेला चांगली असते."

कपड्यांना इस्त्री करून ते त्याच फळीवर ठेवलेत. निळा ड्रेस घालून दादासोबत कुठेतरी जाऊन या. पलंगाखालची माझी बॅग काढली, तिथे मिक्सरचा खोका परत सरकवलाय. ह्यांचा फोन आला तर माझा पत्ता सांगू नका.

अभ्रा मी नेतेय. नव्या खोलीतही कपाट नाही, आणि उद्या माझ्या दारात कुणी बॅग घेऊन उभं राहिलं तर फळी रिकामी करावी लागेल.

तुमची नणंद