बाईसाहेबांचा तुटलेला हात

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलं की तू चिडतेस, म्हणून मुद्दामच म्हटलं. माझं बरं चाललंय. मत्स्यालयात जाते, जेवते, झोपही लागते. शाळेची पोरं काचेला नाकं लावून उभी राहतात, ती गेली की काचा पुसते. आमच्या ऑक्टोपसचा, म्हणजे बाईसाहेबांचा, एक हात मागच्या आठवड्यात पंपाच्या जाळीत अडकून तुटला. म्हटलं, आता ही काही जगत नाही. कसलं काय! संध्याकाळी उरलेल्या सात हातांनी बरणीचं झाकण फिरवलं आणि आतला खेकडा फस्त केला. गोगलगाय हिची लांबची बहीण, तिच्या पाठीवर निदान घर तरी असतं; हिच्या घराण्यानं तेही कधीच टाकून दिलं. हात मात्र पुन्हा फुटतो म्हणे, हळूहळू.

सांगायचं ते वेगळंच. तो तुटलेला हात मी चिमट्यानं उचलून ट्रेमध्ये ठेवला, तर तो हलत होता. यांच्या प्रत्येक हाताला स्वतःची अक्कल असते, असं आमचे माशांचे डॉक्टर सांगतात. मी कोळंबीचा तुकडा जवळ नेला. त्यानं तो धरला आणि जिथे तोंड असायला हवं, त्या बाजूला सरकवत राहिला. तिथे नुसता ट्रे. मला ना किळस आली, ना रडू.

तुझा दादा बसल्या बसल्या गेला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्याच्या शर्टांना इस्त्री करत होते. तू दारातूनच म्हणालीस, "तुला काहीच वाटत नाही का गं?" आणि निघून गेलीस. तेव्हापासून तुझा फोन नाही. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. खरंच काही वाटत नव्हतं. अजूनही वाटत नाही. सकाळी त्याचा चहा गाळते, त्याचा टॉवेल बाथरूमच्या दाराला अडकवते. भाजीत तिखट बेतानंच घालते, नाहीतर तो ताटावर कुरकुर करायचा. त्या ट्रेपाशी उभी असताना कळलं, हे सगळं माझे हातच करताहेत. मला अजून बातमी पोचलेलीच नाही.

पोचेल कधीतरी. तेव्हा मी घरात एकटी असू नये, एवढ्यासाठी हे लिहिलंय. फोनवर बोलता आलं नसतं. तू ये. रागावलेलीच ये, तुम्हा भावंडांच्या नाकावर राग कायमचाच. येण्याआधी कळवलं नाहीस तरी चालेल. जेवण रोज दोघांचं होतंच आहे.

तुझीच,
वहिनी