नऊ माणसांची मजुरी

१६ मार्च १९५७
निकाल लागला. एकशे बारा मतं. डिपॉझिट गेलं. संयुक्त महाराष्ट्र समितीने मला तिकीट दिलं नाही, चूक त्यांची. मे महिन्यात महापालिकेची निवडणूक आहे. तिथे नक्की.

२५ मार्च
निवडणूक खर्चाचा तपशील शपथेवर द्यायचा. न दिला तर पुन्हा उभं राहता येत नाही. छपाई, हातगाडी, लाउडस्पीकर, खळ: एकूण १८६ रुपये. माझ्याविरुद्ध उभे असलेल्या सेठजींचा आकडा हजारांत असणार. आणि फी भरली की कोणीही बघू शकतो. लाज वाटली.

२८ मार्च, सकाळी
तोडगा निघाला. मागच्या चाळीतला रामदास, माझा शाळेतला मित्र, सत्याग्रहात पंधरा दिवस तुरुंगात गेलेला. समितीचं काम बाजूला ठेवून त्याने आठ पोरं आणली आणि एकवीस दिवस माझी पोस्टरं चिकटवली. फुकट. पण श्रमाला किंमत असते. लिहिलं: ‘प्रचारास लावलेली माणसं ९, रोज २ रुपये.’ झाले ३७८. बायकोने, कालिंदीने, पावत्यांचं विचारलं. नऊ जणांच्या नावाच्या सह्या मीच केल्या, काही डाव्या हाताने.

३ एप्रिल
दाखल केलं. कारकुनाने वर पाहिलंसुद्धा नाही. हॉटेलात सगळ्यांना सांगितलं, जा, बघून या.

११ एप्रिल
रामदास बघून आला. कौतुकाने गेला होता म्हणे. चहा घेतला नाही. म्हणाला, “रमाकांत, वाडीत मला भाडोत्री म्हणतायत रे. समितीत कुठल्या तोंडाने जाऊ?”
ही कागदोपत्री बाब आहे, असं समजावलं. आठवड्यात शांत होईल.

१२ एप्रिल
दुरुस्ती करायला निवडणूक ऑफिसात गेलो. साहेब म्हणाले, आधी खोटी शपथ घेतली असं लिहून द्या. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू.

२२ एप्रिल
महापालिकेचा फॉर्म आणला. सूचक आणि अनुमोदक, दोन मतदार हवेत. रामदासकडे गेलो. त्याची बायको मालन म्हणाली, घरात नाहीत. आतून त्याचा खोकला ऐकू आला. बाकीच्या आठांना एकदम कामं निघाली. दुखलं मला, खोटं का सांगू.

२४ एप्रिल
शेवटचा दिवस. कालिंदीचं नाव मतदारयादीत आहे! निदान सूचक तरी. फॉर्म तिच्यापुढे धरला. तिने पदराला हात पुसले, पेन घेतलं आणि विचारलं, “या सहीचे किती लिहिणार?”
मुदत तीन वाजेपर्यंत होती. मी घरीच बसून राहिलो.