प्रतिकारशक्ती आणि आमचं समूहगान

४ फेब्रुवारी
आजपासून प्रतिकारशक्ती.

लेकीचा फोन आला होता. तिच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, बाळंतपणाला हॉस्पिटलात एकच माणूस सोबत राहील आणि तोही तपासणीत निगेटिव्ह आला तरच. जावई जहाजावर. जहाज कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून उभं आहे, कुणालाच उतरू देत नाहीत. जावयाला आई नाही. म्हणजे तो एक माणूस मीच. लेक म्हणाली, आई, एवढा महिना फक्त आजारी पडू नकोस, बाकी काही केलं नाहीस तरी चालेल.

मला रागच आला. मी आजारी पडते कधी? शाळेत गोवराची साथ आली तेव्हा अख्खा वर्ग झोपला आणि मी सगळ्यात शेवटी झोपले.

ठरवलं ते असं: पहाटे उठणे. लिंबू, लसूण, गरम पाणी. व्यायाम. वाफ. गुळण्या. साखर कायमची बंद.

५ फेब्रुवारी
पहाटे उठले नाही. पुरेशी झोप हा प्रतिकारशक्तीचा पाया आहे असं कालच कुठेतरी वाचलं होतं.

लसणाचं पाणी प्यायले आणि पाचच मिनिटांत ओकले. विष बाहेर पडलं. उपाय लागू पडतोय.

नवरोबा मात्र नेहमीसारखे फिरायला गेले. साथ आहे, माणसं मरताहेत, आणि हा गृहस्थ गेटपाशी प्लंबरशी गप्पा मारतो. वर घरात शिरता शिरता शिंकले. म्हणाले, धूळ आहे गं. मी म्हटलं, सगळ्यांची सुरुवात धुळीपासूनच होते.

७ फेब्रुवारी
वर्तमानपत्र घरात येतं ते किती हातांतून येतं याचा विचार कुणी करत नाही. मी केला. आता रोज इस्त्री करून मगच वाचायला देते. आज शब्दकोडं जळलं. नवरोबा तेवढ्यावरून तोंड पाडून बसले. नंतर म्हणाले, कागदाला केलीस, भाजीला साबण लावलास, आता हवेला कुठून इस्त्री करणार आहेस?

विनोद सुचतात. चाळीस वर्षं हेच ऐकतेय.

८ फेब्रुवारी, दुपार
महत्त्वाचा शोध. या रोगात वास आणि चव जाते. म्हणजे दोन्हीची रोज तपासणी हवी, हे कुणालाही कळेल. तपासणीला गोड वस्तू बरी, कारण चव ठळक असते. क्रीमचं बिस्कीट घेतलं. चव उत्तम. वास उत्तम.

एका बिस्किटाने खात्री होत नाही, म्हणून आणखी तीन घेतली. साखर बंद आहेच. हे औषधाच्या खाती.

१० फेब्रुवारी
फोनवर बघून व्यायाम केला. त्या व्हिडिओतली मुलगी असेल पंचविशीची. गुडघा छातीला लावते आणि वर हसते. मी डावा गुडघा लावायला गेले आणि तिथेच अडकले. नवरोबांनी येऊन सोडवलं. म्हणाले, हळूहळू कर. हळूहळू करायला वेळ कुठे आहे? लेकीचे दिवस भरत आलेत, तिथे तिच्या घरात पाणी द्यायला माणूस नाही, आणि मी इथे खुर्चीला धरून उभी.

पाठ धरली आहे. व्यायामाला सुट्टी. राग आल्यानेसुद्धा रक्ताभिसरण वाढतं, त्यामुळे नुकसान झालेलं नाही.

१२ फेब्रुवारी
आज नवरोबा दोनदा शिंकले. दोनदा. मी सरळ सांगितलं, गच्चीवरच्या खोलीत राहायला जा. लेकीकडे मला जायचंय, तुमच्या शिंकांपायी माझा रिपोर्ट बिघडला तर आयुष्यभर बोलणार नाही. जेवण जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवीन, मी खाली गेल्यावर घ्यायचं.

वाटलं होतं, निदान थोडं तरी भांडतील. लगेच उशी उचलली. रेडिओही उचलला.

१३ फेब्रुवारी
गच्चीवरून रेडिओ ऐकू येतो. मधूनच हसण्याचाही आवाज येतो. विलगीकरणात माणसाने इतकं खूश राहू नये. जेवणात आज मुद्दाम मीठ कमी घातलं. ताट चाटूनपुसून परत.

१५ फेब्रुवारी
खरा उपाय सापडला. आणि तो माझ्याजवळ पन्नास वर्षं पडून होता.

सकाळी वाफ घेताना डोक्यावर टॉवेल होता आणि त्या ओल्या अंधारात एकदम कॉन्व्हेंट शाळेचा लांब व्हरांडा आठवला. पॉलिशचा वास, काळ्यापांढऱ्या फरश्या, शेवटच्या खोलीत पियानो. गाणं शिकवणाऱ्या सिस्टर प्रत्येकीच्या पोटावर पट्टी टेकवून उभ्या राहायच्या. श्वास छातीतून नाही, पोटातून. गाताना पट्टी हलली पाहिजे. म्हणायच्या, जिची फुप्फुसं गातात तिला सर्दी धरत नाही. आम्ही अठ्ठावीस मुली एका स्वरात उभ्या असायचो तर खिडकीच्या काचा थरथरायच्या. थंडीच्या दिवसांत सिस्टर हळूच माझ्या बुटांत कागदाची घडी घालून द्यायच्या, भोक पडलेलं असायचं म्हणून. कुणाला सांगायच्या नाहीत. किती मऊ हात होते त्यांचे.

टॉवेल काढला तेव्हा डोळे ओले होते. वाफेमुळे.

रोग फुप्फुसांत जातो. गाणं फुप्फुसं बळकट करतं. एवढी साधी गोष्ट एकाही डॉक्टरला सुचू नये? हे लोक शिकतात काय?

१६ फेब्रुवारी
बिल्डिंगमध्ये विचारलं. खालच्या मजल्यावरची बँकवाली तयार झाली. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तिला कुणाला दटावायला मिळत नाही, ती कशालाही तयार असते. समोरच्या दोघी जुळ्या बहिणी तयार झाल्या. त्या एकीने सुरू केलेलं वाक्य दुसरीने संपवतात, म्हणजे समूहगानाला तयारच. टेलरबाई म्हणाल्या, दुकान बंदच आहे, येते.

शिस्त मीच ठरवली. दारात हात धुणे. चपला बाहेर. गाण्याचे कागद इस्त्री करून. खुर्च्यांना जंतुनाशक. खिडक्या सगळ्या घट्ट बंद, कारण रस्त्यावरची हवा कुणाकुणाच्या तोंडातून येते याचा भरवसा नाही. मास्क लावून गाता येत नाही हे उघड आहे. तेव्हा गाताना काढायचे आणि गाणं संपलं की लगेच लावायचे.

असा कडक बंदोबस्त सरकारनेही केला नसेल.

१७ फेब्रुवारी
पहिली तालीम. अप्रतिम.

सगळ्यांना दाटीने उभं केलं, कारण एकमेकींचा श्वास ऐकू आल्याशिवाय सूर मिळत नाही, हे सिस्टरांचं वाक्य. पट्टी नव्हती म्हणून लाटणं घेतलं. बँकवालीच्या पोटावर टेकवल्यावर ती म्हणाली, हे ऑडिट आहे का? जुळ्यांपैकी एक म्हणाली, असेल तर, दुसरी म्हणाली, सापडेल काहीतरी. सगळ्या हसलो. खोली गरम झाली, काचांवर वाफ धरली. अगदी शाळेसारखी.

नवरोबांनी जिन्यावरून हाक मारून सांगितलं, अगं, निदान एक खिडकी तरी उघडा. ज्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही ते गच्चीवर बसून सल्ले देतात.

२० फेब्रुवारी
दुसरी तालीम. बँकवालीचा घसा बसला होता. म्हणाली, फ्रिजमधलं पाणी प्यायले. मी तिला खालच्या पट्टीत घातलं. बसलेला घसा खालच्या पट्टीला फार शोभतो. मध्ये मध्ये खोकत होती, पण तालात.

लेकीला फोनवर सांगितलं की माझी फुप्फुसं आता लोखंडाची झाली. ती म्हणाली, आई, किती जणी होतात, आणि कुठे? मी म्हटलं, काळजी करू नकोस, हात धुऊन गातो. तिने विचारलं, खिडक्या तरी उघड्या होत्या का? हल्ली तिलाही खिडक्यांचं वेड लागलं आहे. बापावर गेली आहे.

२३ फेब्रुवारी
वाण्याला फोन करून झापला. लोकांच्या अडचणीचा फायदा घेऊन शिळा माल खपवतो. आजचं क्रीमचं बिस्कीट म्हणजे निव्वळ पुठ्ठा. क्रीमला ना गोडी, ना वास. संपूर्ण पुडा तपासला, शेवटच्यापर्यंत. एकही धड नाही. तो म्हणे, ताई, कालच आलाय माल, दुसऱ्या कुणाची तक्रार नाही. मी म्हटलं, दुसऱ्यांना चव कळत नसेल.

दुसऱ्या कंपनीचा पुडा पाठवला. तोही तसाच. सगळा बाजारच भ्रष्ट झाला आहे. साबणाचाही वास उडालाय. लसूण तर पाण्यासारखी लागते. पूर्वीची लसूण तोंडात धरवायची नाही इतकी उग्र असायची.

२४ फेब्रुवारी
अंग दुखतंय. व्यायामामुळे. (१० तारखेच्या.)

थर्मामीटर एकशे एक दाखवतो. जुना आहे, लेकीच्या लहानपणीचा. तेव्हाही तो वाढवूनच सांगायचा, तिला शाळा बुडवायची असली की.

जुळ्यांचा फोन. एक म्हणाली, आम्हा दोघींना, दुसरी खोकली. टेलरबाई फोन उचलत नाहीत.

२५ फेब्रुवारी
तपासणी करायला माणूस घरी आला. नखशिखांत प्लास्टिकमध्ये. नाकात काडी घालून मेंदूपर्यंत फिरवली. मी त्याला सांगितलं, ही नुसती औपचारिकता आहे, मला परवा लेकीकडे जायचंय. तो म्हणाला, हो मावशी. हो मावशी काय? निगेटिव्ह म्हण ना.

जायची बॅग भरून ठेवली आहे. बाळाची टोपडी वर ठेवलीत. तिन्ही मीच विणली. एकाचा एक कान मोठा झाला आहे, पण तो दिसणार नाही.

२६ फेब्रुवारी
पॉझिटिव्ह.

प्रयोगशाळेची चूक असणार. नमुने बदलले असतील. मी फोन केला तर तिथली मुलगी म्हणते, तुमच्या बिल्डिंगमधले पाच नमुने होते, सगळेच पॉझिटिव्ह आहेत. पाचही जणींचे नमुने बदलले?

बँकवालीला फोन लावला. म्हटलं, तुझ्या खोकल्याने घात केला. ती म्हणाली, खोली कुणाची? खिडक्या कुणी लावल्या? लाटणं घेऊन अंगावर कोण आलं होतं? खोकत खोकत दटावत होती. मलाही खोकत खोकतच भांडावं लागलं. दोघींनी फोन आपटला.

लेकीला काय सांगू?

२६ फेब्रुवारी, संध्याकाळ
सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागावणाऱ्या माणसाशी मला नीट बोलता येतं. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, तुला श्वास लागत नाही ना आई? मग रडायला लागली आणि म्हणाली की आता तिथे कोण येणार. फोनमधून तिचं रडणं आणि माझा खोकला, एवढंच चाललं होतं.

कुणी वाटेला जाऊ नये आज माझ्या.

२७ फेब्रुवारी
गच्चीवरून नवरोबांनी विचारलं, मी तपासून घेऊ का? मी खालूनच म्हटलं, घ्या, एवढी शिंकणारी माणसं तुम्ही, तुमचं तर ठरलेलंच आहे.

२८ फेब्रुवारी
नवरोबा निगेटिव्ह.

म्हणे, धुळीचीच ॲलर्जी. म्हणे, दोन आठवडे उघड्या हवेत एकटाच होतो ना, तूच तर ठेवलंस. हे त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं, म्हणूनच जास्त झोंबलं.

या माणसाला दूध उतू जाण्याआधी गॅस बंद करता येत नाही. लेक झाली तेव्हा हॉस्पिटलच्या चुकीच्या मजल्यावर जाऊन दुसऱ्याच कुणाचं बाळ बघून आले होते आणि छान आहे म्हणाले होते. हा माणूस बाळंतिणीजवळ राहणार.

बॅग मी दाराबाहेर ठेवली. माझे कपडे काढले, त्यांचे घातले. टोपडी तशीच राहू दिली. दाराआडून सूचना दिल्या: हात धुवा. बाळाच्या जवळ खोकणाऱ्या कुणालाही फिरकू देऊ नका, मग तो डॉक्टर का असेना. मान धरा, मान. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, दाराशी औषध ठेवलंय तुझं, जेवणानंतर घे. आणि खिडकी उघडून झोप गं.

मी खिडकीत उभी राहिले. ते बॅग घेऊन गेटपर्यंत गेले, प्लंबरपाशी थांबले नाहीत. वळून हात केला. मी केला नाही. मी अजून रागावलेली आहे.

मग खिडकी उघडीच ठेवली. उकडत होतं म्हणून.

४ मार्च
मुलगी झाली. दोघी सुखरूप.

संध्याकाळी नवरोबांनी फोनवर दाखवली. टोपडं घातलेलं होतं. लेक मागे आडवी, थकलेली, पण हसली माझ्याकडे बघून. बाळ रडत होतं, मोठ्याने, अगदी पोटातून. मी म्हटलं, बघू, जवळ आणा. त्यांनी फोन तिच्या गालापाशी नेला. इतकं जवळ की नुसती एक पापणी दिसत होती आणि ओठांचा कोपरा. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. आजी आहे मी, असं काहीतरी. तोंड उघडलं आणि खोकला आला.

नवरोबांनी झटकन फोन बाळापासून लांब नेला.

मी भडकणार होते. इतक्या लांबून, काचेआडून काय लागणार आहे तिला? पण त्यांनी उठू पाहणाऱ्या लेकीलाही हाताने मागे सारलं होतं आणि चेहरा अगदी गंभीर होता, मी शिकवल्याप्रमाणे. मी तोंडावर पदर धरला आणि म्हटलं, तिथेच धरा. लांबूनच बरी दिसते.