येडशीच्या उतारावरची थरथर

८ जानेवारी १९४४, धाराशिव

क्लच सोडताना माझा पाय चुकतो म्हणे! मालक विष्णुपंत भर आडतीत चार माणसांसमोर बोलले — "उत्तरेश्वर, वय झालं तुमचं. लॉरी थरथरते ती तुमच्या पायानं." शेजारी गुंडाप्पा उभा. कालपर्यंत माझ्या हाताखाली गाडी पुसत होता, आता लायसन काढून आलाय. मान खाली घालून हसला!

पंतांनी ही लॉरी आणली तेव्हापासून मीच चालवतोय. जुनी आहे, कबूल. पण दसऱ्याला हनीफ मिस्त्रीनं खालचं काम केलं आणि त्यानंतर ही थरथर लागली. माझा पाय काय नेमका दसऱ्यालाच म्हातारा झाला?

११ जानेवारी

बेंबळीची ज्वारी आणली. वाटेत नीट लक्ष दिलं. हळू असली की काही न्हाय. वेग आला की बुडाखालून घरघर सुरू, थेट पाठीत शिरते. पोत्यांवरची माणसं ओरडली — "अवं, हाडं खिळखिळी झाली की!" खालचा गिअर टाकला, वरचा टाकला. दोन्हीत तेवढ्याच वेगाला थरथर. इंजिनाचा दोष असता तर गिअरबरोबर बदलला असता. चाकंही अदलाबदल करून पाहिली. तीच गत.

पंतांना सांगितलं, तर म्हणाले, "रस्ता खराब असंल." मग माझा पाय कुठं गेला?

१४ जानेवारी

संक्रांत. गोड बोलायचं म्हणे. पंतांशी? जमणार न्हाय!

१७ जानेवारी

सापडलं! येडशीच्या उताराला गिअर मोकळा सोडला. क्लचवर पायच न्हाय. गाडी आपल्या वजनानं पळाली, वेग आला — आणि थरथर सुरू! म्हणजे इंजिन न्हाय, क्लच न्हाय, मी तर न्हायच न्हाय. उरला गिअरपेटीपासून मागच्या आसापर्यंत जाणारा लांब दांडा. तोच तर हनीफनं दसऱ्याला उघडला होता.

पळत आडतीत गेलो. पंत म्हणाले, "उद्या गुंडाप्पाला चालवू दे. मग बघू."

एवढी वर्षं काढली, आणि आता माझी परीक्षा हा घेणार!

१८ जानेवारी

गुंडाप्पानं येरमाळ्याची खेप केली. पंतांना सांगितलं, "काय थरथर न्हाय मालक." मी शेजारीच बसलो होतो. बैलगाडीच्या चालीनं नेली! वेगच दिला न्हाय तर थरथरणार कशी? हे बोललो तर म्हणतो, "मामा, रागावू नका." राग येणार न्हाय तर काय?

घरी आलो. जेवण गेलं न्हाय. कारभारीण गिरिजा म्हणाली, "सोडा की ती गाडी. पोटापुरतं शेत हाय." तीसुद्धा!

२२ जानेवारी

स्वतःच गाडी हनीफकडं नेली. आधी तोही चिडला — "मेरे काम में खोट निकालते?" म्हटलं, उघडून दाखव, मग बोल. दोघंही खाली शिरलो. दांड्याचे दोन भाग दात्यांत दाते घालून एकमेकांत सरकून बसतात. दोन्ही टोकांच्या जॉइंटची तोंडं एका रेषेत यायला पाहिजेत. एकाच दात्याचा फरक होता. हनीफनं हात लावून पाहिलं. मग म्हणाला, "भाई, ये मैंच गलत बिठाया."

माणूस मोठा. कबूल तरी केलं, आणि लगेच नीट बसवूनही दिलं.

२३ जानेवारी

पंतांना शेजारी बसवून येडशीपर्यंत नेली. मुद्दाम वेग दिला. लोण्यावरून गेल्यासारखी गेली! पंत खिडकीतून बाहेर बघत राहिले. उतरताना फक्त "बरं झालं" म्हणाले. चार माणसांसमोर बोलायला तोंड होतं, आता न्हाय!

असो. जागा माझीच राहिली. गुंडाप्पा पुन्हा शेजारच्या बाकावर.

२९ जानेवारी

येरमाळ्याला माल उतरत होता. गाडी उभी, इंजिन बंद. मी स्टीअरिंगवर हात ठेवून बसलो होतो. स्टीअरिंग बारीक खडखडत होतं. हात उचलले. थांबलं. पुन्हा ठेवले. पुन्हा सुरू.

परत येताना चालवायला गुंडाप्पाला बसवलं. का, ते त्यानं विचारलं न्हाय.