शेऱ्याचा रकाना

गोळीबार चौक, नागपूर
३ मार्च २०२५

चि. सोनिका हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि मोबाईलवरचं सगळं हर्षित वाचतो, म्हणून कागद. माझ्या या लेकाला सध्या एकच वेड आहे, आपलं वधूवर सूचक केंद्र क्लाउडवर न्यायचं. मागल्या महिन्यात कॉम्प्युटर दोन दिवस बंद पडला, लांबून आलेली माणसं नुसता चहा पिऊन गेली, तेव्हापासून तो मागेच लागला. म्हणतो, आई, लोक घरबसल्या बायोडाटा पाहून राहिले, अन् तू त्याइले काहून जिने चढवून राहिली.

तो चूक नाही. माझी अडचण शेऱ्याची. प्रत्येक स्थळापुढे मी एक शेरा लिहिते, तो छापत नाही. स्थळ पसंत पडलं की मुलीकडच्या मोठ्या माणसाला समोर बसवून तेवढा वाचून दाखवते. मुलगा पितो, नोकरी कंत्राटी आहे, आधीची सोयरीक मोडली, असं. बावीस वर्षांत कोणाला लेखी दिला नाही. क्लाउडवाल्या कंपनीच्या फॉर्मात शेऱ्याला जागाच नाही. हर्षित म्हणतो बरंच झालं, एखादा तुले कोर्टात खेचेल.

सगळी माहिती पेनड्राइव्हवर पाठवते आहे. तू कॉम्प्युटरच्याच कामात आहेस, न्यावं की नाही, एका शब्दात सांग. तुझी पत्रं विजेच्या बिलासारखी असतात, पण माझा भरवसा त्यांच्यावरच.

लोभ आहे, तूही थोडा कर.
पुष्पलता आत्या


हैदराबाद
८ मार्च २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पेनड्राइव्ह मिळाला. एकूण नोंदी २,३१४. त्यांपैकी ४१ दुबार आहेत. देवाजी नावाचे एक गृहस्थ तीन वेगवेगळ्या वयांचे आहेत. हर्षितने पासवर्ड ‘नागपूर१२३’ ठेवला आहे, तो आजच बदलावा.

क्लाउड म्हणजे आपली माहिती दुसऱ्याच्या, दूरच्या यंत्रांवर भाड्याने ठेवणे. तुमचा कॉम्प्युटर जळाला तरी नोंदी राहतील. आज त्यांची एकच प्रत आहे. नेट गेले की मात्र काम थांबेल, आणि कोणाला काय दिसावे हे आधी ठरवावे लागेल. शेरा ठेवता येतो, तो फक्त तुम्हाला दिसेल असेही करता येते. तेव्हा माझे उत्तर, न्यावे.

प्रत्येक शेऱ्याला तारीख आहे. नोंद क्र. ११८७, अपूर्व, सावनेर. शेरा ९ फेब्रुवारी २०२१ चा आहे: ‘आधीची सोयरीक मोडली. मुलीवर हात उचलला. तिच्या आईने स्वतः येऊन सांगितले. पुढच्यांना सांगणे.’ माझे त्याच्याशी लग्न त्याच वर्षी डिसेंबरात झाले. हा शेरा बाबांना वाचून दाखवला होता का, ते कळवावे. हो किंवा नाही पुरे.

लोभाचे काय ते उत्तर आल्यावर लिहीन.
सोनिका


नागपूर
१३ मार्च २०२५

चि. सोनिका हिस आशीर्वाद.

आजवर मला ‘तू’ लिहायचीस. या वेळी ‘तुमचा’ वाचलं तेव्हाच समजलं की खाली काहीतरी आहे. उत्तर नाही असं आहे.

त्याआधी चार घरांना तो शेरा मी वाचून दाखवला, चारही उठून गेली. तुझे बाबा तेव्हा रामदासपेठेत दवाखान्यात, छातीचं ऑपरेशन झालेलं. तुला एकोणतिसावं. वहिनी रोज म्हणायची, ताई, साऱ्या नागपूरच्या पोरींचं जमवता, घरचीच काहून राहून गेली. मला वाटलं, माझ्या भावाची पोरगी म्हटल्यावर तो नीट वागेल. घरच्या घरात कोणाला समोर बसवायचं, म्हणून शेरा वाचलाच नाही. तू परत आलीस तेव्हा जमलं नाही एवढंच म्हणालीस. मीही तेवढंच धरून बसले.

आता ऐक वं. जानेवारीत अपूर्वने पुन्हा नाव नोंदवलं आहे. उमरेडच्या ताराचंद यांची काजल त्याला पसंत आहे. रविवारी, तेवीस तारखेला बैठक. हर्षित त्याच्या आदल्या दिवशी नोंदी क्लाउडवर चढवतो म्हणतो, शेऱ्याविना. ठेवायचा की पुसायचा, तू ठरव.

आशीर्वादाचा हक्क उरला की नाही माहीत नाही, सवयीने देते.
आत्या


हैदराबाद
१६ मार्च २०२५

ती. आत्यास न. वि. वि.

पत्र मिळाले. वाचून झाल्यावर मी कपडे वाळत घातले.

केंद्र क्लाउडवर न्यावे. शेरा काढू नये. एक बदल मी स्वतः करून हर्षितला पाठवते आहे. शेरा कोणाला आणि कोणत्या तारखेला वाचून दाखवला, हे भरल्याशिवाय त्या स्थळाचा पत्ता आणि फोन नंबर कोणालाही मिळणार नाही. घरचे आणि परके हा फरक प्रोग्रामला करता येत नाही.

११८७ च्या शेऱ्यात पुढील मजकूर जोडावा: ‘लग्नानंतर एप्रिल २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात पत्नीला सहा वेळा मारले. दोनदा दवाखान्यात जावे लागले, कागद आहेत. सांगणारी: तेव्हाची पत्नी, सोनिका.’ खाली माझा नंबर द्यावा.

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही, आईलाही नाही. रविवारच्या आत वाचावे. या वेळी मुलीलाही समोर बसवावे.

सोनिका


नागपूर
२४ मार्च २०२५

चि. सोनिका,

शुक्रवारी बसने उमरेडला गेले. ताराचंद म्हणाले, काजल पाणी भरून राहिली, तिले कशाला बोलावता. मी म्हटलं, थांबते. ती आल्यावर दोघांसमोर वाचलं. ‘सहा वेळा’पाशी माझ्याने पुढे वाचवेना, उरलेलं तिनेच वाचलं. बैठक झाली नाही. सावनेरहून अपूर्वच्या काकांचा फोन आला, खूप बोलले. बोलू दिलं.

शनिवारी हर्षितने नोंदी चढवल्या, शेऱ्यासकट. वाचून दाखवल्याचा पहिला रकाना मी भरला.

निघताना काजलने विचारलं, सांगणारी आता कशी आहे. मी म्हटलं, हैदराबादेत चांगल्या नोकरीवर आहे. ती म्हणाली, मी ते नाही विचारून राहिली. मी म्हटलं, तिलाच विचारते. तू कळवलंस तर तिला सांगेन.

आत्या


हैदराबाद
२९ मार्च २०२५

ती. आत्यास न. वि. वि.

काजलचा प्रश्न मिळाला. उत्तर तयार नाही. तो आजवर कोणी विचारला नव्हता, म्हणून मी त्यावर विचार केलेला नाही.

तिचा पत्ता पाठवावा. वेळ लागेल, पण मीच लिहीन.

सोनिका